खिडकी रस्त्याकडे

मुकादमाच्या मते जगात घरं दोनच प्रकारची. एक बांधलेली आणि दुसरी आणून ठेवलेली. बांधलेल्याला तो घर म्हणायचा आणि आणून ठेवलेल्याला खोकं. आता गंमत बघा, गेली कित्येक वर्षं हा माणूस पोट भरत होता ते खोक्यांवरच.

कारखान्यात अख्खं घर तयार व्हायचं. भिंती, छप्पर, नळ, खिडक्यांच्या काचा, इतकंच काय, बाथरूममधला साबण ठेवायचा कोनाडासुद्धा. मग त्याला खालून चाकं लावायची, पुढे ट्रक जोडायचा आणि रस्त्याने वाजतगाजत कॉलनीत आणायचं. तिथे मुकादम आणि त्याची माणसं ते प्लॉटवर ढकलायची, जॅक लावून उचलायची, चाकं काढायची, सिमेंटच्या ठोकळ्यांच्या खांबांवर बसवायची, पाचरी ठोकून पातळीत आणायची आणि लोखंडी पट्ट्यांनी जमिनीला जखडून टाकायची. सकाळी मोकळा प्लॉट, संध्याकाळी आत टीव्ही चालू. "हे काय घर झालं?" मुकादम म्हणायचा. "भिंतीआड जरा जोरात हसलं तर शेजारी विचारतो काय झालं म्हणून."

कॉलनीही तशीच. गल्ल्यांना फुलांची नावं दिलेली आणि सगळ्या कॉलनीत एक फूल दिसेल तर शपथ. फाटकाशी कारंजं होतं, त्यात पाणी सोडून सगळं काही पडलेलं असायचं. आणि या साऱ्याचा कारभार बघायला कंपनीने एक साहेब ठेवला होता. धुळीत, उन्हात, डंपर मागे येत असतानाही या गृहस्थाच्या गळ्यात टाय. माणसं त्याला मागे टायच म्हणायची. टायला घर जॅकवर कसं चढतं ते माहीत नव्हतं, पण ते किती वाजता चढलं पाहिजे हे मात्र बरोब्बर माहीत असायचं. मुकादम त्याला हिशेबातच धरत नसे. टाय बोलायला लागला की हा पाचर हातात घेऊन तिच्याकडे निरखून बघत बसायचा, जणू पाचरच बोलतेय.

पण मुकादमाचा खरा राग घरं घेणाऱ्यांवर. एका निवृत्त मास्तरांनी घर बसवून झाल्यावर विचारलं होतं, "मुकादम, हातभर डावीकडे सरकेल का हो? खोलीत ऊन येईल जरा." बिचारे अगदी अजीजीने विचारत होते. मुकादमाने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आपलं ठरलेलं वाक्य टाकलं, "झालं ते झालं, मास्तर. आता हलायचं नाही." आणि वर, "ऊन हवं तर अंगणात बसा." त्याची माणसं फिदीफिदी हसली. मास्तर गप्प घरात गेले. तेव्हापासून त्यांचा दिवा दुपारीही चालू असायचा, येता-जाता सगळ्यांना दिसायचा.

तर अशा या मुकादमाच्या धाकट्या बहिणीने खोकं घेतलं.

धाकटी साठी ओलांडून गेली होती, पण घरात धाकटी ती धाकटीच. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. दिरांनी जुनं घर विकलं आणि वाटण्या झाल्यावर हिने कुणाला न विचारता, म्हणजे मुकादमाला न विचारता, कॉलनीत एक प्लॉट आणि कारखान्याचं एक घर पक्कं केलं. सगळं झाल्यावर फोन केला.

"दादा, तुझ्याच गल्लीत येतेय बघ."

"माझी गल्ली कसली? मी तिथे राहत नाही, काम करतो. आणि तुला एवढ्या जगात खोकंच सापडलं?"

"मला आवडलं. एकच सांगायचंय. माझं घर ठेवशील ना, तेव्हा स्वयंपाकघर रस्त्याकडे कर. दार मागे गेलं तरी चालेल. खिडकी रस्त्याकडे हवी."

मुकादमाला वाटलं हिला नकाशा कळलेला नाही. या घरांची एक लांब बाजू पुढची, तिला दार आणि पायऱ्या. दुसरी लांब बाजू मागची, तिला स्वयंपाकघराची खिडकी आणि सांडपाण्याचा पाइप. कॉलनीभर एकूण एक घर तोंड रस्त्याकडे करून उभं. आणि हिला म्हणे पाठ रस्त्याकडे हवी! "बरं बरं," तो म्हणाला. लहान मुलाने चंद्र मागितला की म्हणतात तसं बरं बरं. तिने आठवड्यात आणखी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा हाच विषय, दोन्ही वेळा बरं बरं.

तिचं घर आलं त्या दिवशी ट्रेलरवाला खालच्या तोंडाने गल्लीत शिरला. या ट्रेलरवाल्याचा स्वभाव असा की जे सांगितलं ते करायचं, का ते विचारायचं नाही. मुकादम हात आडवा करून पुढे धावला.

"अरे ए शहाण्या! खालून कुठे घुसतोस? खालून आणलंस तर घराची पाठ रस्त्याला येईल!"

"कारखान्यातून खालूनच जा म्हणालेत. बाईंनी सांगितलंय म्हणे."

"बाईंनी सांगितलंय! बाई उद्या म्हणतील छप्पर खाली ठेवा. फिरव मागे. वरच्या तोंडाने आण."

एवढं मोठं घर मागे घ्यायचं म्हणजे खेळ नव्हे. ट्रेलरवाल्याच्या नाकी नऊ आले. अख्ख्या कॉलनीला वळसा घालून तो वरच्या तोंडाने आला. मग समोरच्या मोकळ्या प्लॉटमध्ये ट्रकचं नाक खुपसून, मागे-पुढे करत, माणसांनी घर जागेवर ढकललं. समोरचा प्लॉट रिकामा असेल तरच हे जमतं. तो भरला की संपलं, मग त्या घराला बाहेर काढायला जागाच उरत नाही. आणि समोरचं घर त्याच दिवशी जेवणानंतर यायचं होतं.

घर खांबांवर बसलं तेव्हा मुकादमाच्या टोळीतला लंबू खाली वाकून बघत म्हणाला, "मुकादम, गटाराच्या जोडणीचा खड्डा रस्त्याकडे खणलाय. आपला पाइप तर मागे आला."

"कुठल्या दीडशहाण्याने खणला?"

"खणून घेतलाय. त्या बाई स्वतः उभ्या होत्या इथे, मी बघितलं होतं. घर तसंच यायचं असेल बहुतेक."

"असेल-बिसेल काही नाही. घराखालून पाइप लांबव आणि जोड. तुमचं ऐकत बसलो ना, तर उद्या लोकं खिडकीतून घरात चढतील."

लंबू मूग गिळून पाइप लांबवायला लागला. मुकादमाला मनातून बरंच वाटत होतं. बहिणीचं हसं होऊ दिलं नाही. रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याने आधी काय बघायचं, तर म्हाताऱ्या बाईची खरकटी भांडी? शोभतं का? तिला नाही कळत, आपल्याला तर कळतं. चारी कोपऱ्यांत त्याने स्वतः पाचरी ठोकल्या, पातळी स्वतः बघितली. लोकांच्या घराला देत नव्हता एवढा वेळ त्याने या खोक्याला दिला. पट्टे आवळून झाले, चाकं काढून रस्त्याकडेला रचली. ट्रेलरवाला ती परत घेऊन जायच्या आधी डबा खायला बसला.

तेवढ्यात धाकटीचा टेंपो आला. ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती आणि मांडीवर एक उंच स्टूल घट्ट धरून होती, नवंकोरं, पायांना अजून कागद गुंडाळलेला. सगळं सामान मागे आणि हे एक स्टूल तेवढं मांडीवर. घर दिसलं तशी ती टेंपोतून उतरली आणि जागीच थांबली. पुढचं दार, पायऱ्या, सगळं रस्त्याकडे होतं. स्टूल घेऊन पायऱ्या चढली आणि सरळ मागे स्वयंपाकघरात गेली. मुकादम मागोमाग.

"बघ, पातळी बघ," तो म्हणाला. "ओट्यावर वाटाणा ठेवलास तरी घरंगळणार नाही."

धाकटीने खिडकी उघडली. बाहेर कॉलनीच्या कुंपणाची भिंत होती, गिलावा न केलेली, खिडकीपेक्षा उंच. तिने हात बाहेर काढला. कोपरही सरळ करावं लागलं नाही, बोटं भिंतीला लागली.

"दादा, तुला मी तीनदा फोन केला होता."

"अगं, तुला ते नकाशातलं कळत नाही. मी म्हटलं, आपण नीट करून टाकू."

"नीट?"

"मग काय! रस्त्यावर स्वयंपाकघर कोण करतं? येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडावर भांडी घासणार होतीस?"

"हो. घासणार होते. घासता घासता बघणार होते कोण येतंय, कोण जातंय. भाजीवाला, पोरं, कुत्री, काहीही. आमच्या त्या घराची स्वयंपाकघराची खिडकी कशी होती, आठवते तुला?"

मुकादमाला आठवेना.

"कशी आठवेल! माझं लग्न ठरवायला तूच गेला होतास ना घर बघायला? बैठकीत बसलास. भिंतीवर मूठ आपटून बघितलीस आणि येऊन आईला म्हणालास, भक्कम घर आहे, डोळे झाकून देऊन टाक. स्वयंपाकघरात डोकावलास का एकदा तरी? अशीच भिंत होती तिथे. अशीच. सगळा जन्म मी त्या भिंतीकडे बघून काढला. वरात गेली, भांडणं झाली, शेजारी आग लागली, सगळं मला नंतर कुणीतरी येऊन सांगायचं. पहिल्या वर्षी माहेरी येऊन रडले होते मी, तेव्हा काय म्हणालास? झालं ते झालं, आता हलायचं नाही."

मुकादमाला हे हसण्यावारी न्यायचं होतं, पण जमलं नाही. तो एवढंच म्हणाला, "आता बसवून झालंय."

"ते दिसतंय मला."

ती रडली असती तर मुकादमाने तिला समजावलं असतं, रडणाऱ्या माणसांची त्याला सवय होती. पण धाकटीने स्टूल उचललं, पायऱ्या उतरली आणि भर गल्लीत, बरोब्बर समोरच्या प्लॉटच्या तोंडाशी स्टूल ठेवून त्यावर बसली. पर्स मांडीवर, चपला जमिनीपासून वर. वरच्या फाटकाकडून दुसऱ्या घराचा ट्रक हॉर्न वाजवत येत होता.

टाय धावत आला. त्याला सगळ्यात आधी वेळापत्रक दिसायचं, माणसं मग.

"मॅडम, प्लीज, बाजूला व्हा. घर येतंय."

"माझं घर उलटं ठेवलंय. ते आधी फिरवा."

"उलटं?" टायने घराकडे बघितलं. "छान आहे की. सगळ्यांसारखंच आहे." मग त्याला एकदम शंका आली आणि तो ट्रेलरवाल्याकडे वळला. "खालून आणायचं होतं ना तुला? कुठून घुसलास? सांगितलेलं कळत नाही?"

ट्रेलरवाल्याच्या हातातला घास हातात राहिला. त्याने मुकादमाकडे बघितलं. लंबूने बघितलं. धाकटीने तर बघितलंच. मुकादमाने बुटाच्या टाचेने मातीत एक खड्डा पाडायला घेतला. सोपं होतं. गप्प बसलं असतं तरी पुरलं असतं. ट्रेलरवाला चार शिव्या खाऊन निघून गेला असता आणि मुकादम मुकादमच राहिला असता. आजवर त्याने बसवलेलं एकही घर त्याने स्वतःच्या हाताने उचकटलं नव्हतं. याच एका गोष्टीवर तो सगळ्या कॉलनीला तुच्छ लेखत आला होता.

मग टायने हात झटकले, गळ्यातला टाय सरळ केला आणि धाकटीला समजुतीच्या सुरात म्हणाला, "हे बघा मॅडम, झालं ते झालं. आता हलायचं नाही."

त्याचंच वाक्य! शब्दन् शब्द तेच, आणि सूरही तोच, वरून खाली सोडलेला. हे येडं कुठून शिकलं असेल? आपल्याकडूनच, दुसरं कुठून? मुकादमाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. ज्या माणसाला जॅकचा दांडा कुठे बसवतात ते ठाऊक नाही, ज्याला तो पाचरीएवढीही किंमत देत नव्हता, त्याच्या तोंडात ते वाक्य किती हलकट वाटतं ते त्याने आज पहिल्यांदा ऐकलं.

"कोण म्हणतं हलायचं नाही?" तो ओरडला.

"अहो, तुम्हीच तर नेहमी..."

"मी म्हणतो, मग मीच सांगतो. त्याला बोलू नका, तो खालूनच आला होता. मी फिरवायला लावला. चूक माझी आहे." मग घसा खाकरून, आणखी मोठ्याने, कारण पहिल्यांदा आवाज चिरकला होता, "माझं चुकलं. लंबू, पट्टे सोड. चाकं लाव. घर काढायचंय."

"पण समोरचं घर? वेळापत्रक?" टाय कासावीस झाला.

"त्याला फाटकाशी उभं करा. कारंजं दाखवा त्याला."

आता माणसांचं काय सांगावं! वर्षानुवर्षं ज्यांनी मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या होत्या त्यांना आयतीच संधी मिळाली. पट्टे सोडताना, पाचरी काढताना, चाकं चढवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते मुकादमाने कधी बघितलं नव्हतं. "पातळी एकदम फस्क्लास होती हो मुकादम," पाचर उपसताना लंबू म्हणाला. "वाटाणाही घरंगळला नसता." मुकादमाने ऐकलं आणि जॅकच्या दांड्यावर आणखी जोर दिला.

घर निघालं. वरच्या तोंडाने बाहेर, कॉलनीभर वळसा आणि पुन्हा खालच्या तोंडाने आत. मुकादम पुढे लाल फडकं घेऊन चालत होता, गुडघा ठणकत होता. एकदा बसवलेलं घर पुन्हा फिरायला निघालंय हे बघायला लोक दाराशी आले. ज्यांना ज्यांना त्याने कधी ना कधी गप्प बसवलं होतं ते सगळे आले. कुणाची पायरी तिरकी होती, कुणाचं फाटक अडत होतं. मास्तरांनी तर घडीची खुर्ची आणून फुटपाथवर टाकली. मुकादम समोर आला तसे ते अगदी अजीजीने म्हणाले, "काय हो मुकादम, हलतं वाटतं घर?"

मुकादमाने लाल फडकं दुसऱ्या हातात घेतलं. "हलतं, मास्तर," तो म्हणाला. मग दोन पावलं पुढे जाऊन, मागे न बघता, "तुमचंही बघू एकदा."

"बघा," मास्तर म्हणाले. "माझा दिवा चालूच आहे." त्यांनी खुर्ची सोडली नाही.

दिवस कलायच्या आत घर दुसऱ्यांदा बसलं, मागे पायऱ्यांपुरती जागा सोडून. पाठ रस्त्याकडे, तोंड भिंतीकडे, सगळ्या ओळीत एकटंच फिरलेलं. दिसायला अगदी विचित्र दिसत होतं, खोटं कशाला बोला. पाइप खड्ड्याशी अचूक आला, लंबूने जोडला आणि सकाळी लांबवलेला तुकडा मुकादमाच्या पायाशी आणून ठेवला. समोरचं घरही येऊन बसलं. टाय दोनदा घड्याळ बघून निघून गेला. धाकटी या सगळ्या वेळात भावाशी एक शब्द बोलली नव्हती. तिने स्वतःचं स्टूल उचललं, घराला वळसा घालून मागच्या अंगाने दारातून आत गेली, आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघराची खिडकी उघडली.

माणसं अवजारं आवरत होती. मुकादम हात पुसत खिडकीखाली जाऊन उभा राहिला. त्याच्या अंगाला घाम, गुडघ्यात कळ, आणि सबंध दिवसाची गेलेली अब्रू. एवढं झाल्यावर निदान चहाला तरी ये म्हणेल, असं त्याला वाटत होतं. किंवा दादा म्हणेल, नुसतं दादा. आत ती स्टुलावर बसली होती. कोपरं खिडकीच्या चौकटीवर, स्टुलाच्या पायांचे कागद काढून टाकलेले.

"मग?" मुकादम म्हणाला. "झालं ना मनासारखं?"

धाकटीने त्याच्याकडे बघितलं. गल्लीतून कुणीतरी सायकल ढकलत चाललं होतं, मागे दोन पोरं भांडत होती, फाटकाकडून भाजीची गाडी येत होती. तिने मान जरा उजवीकडे केली, मग डावीकडे.

"दादा, बाजूला हो," ती म्हणाली. "रस्ता दिसत नाहीये."

मुकादम बाजूला सरकला.